फ्रिस्कोतून पाहिलेलं नोंग साय

अमेरिकेतल्या प्रत्येक किचनमध्ये एक ड्रॉवर असतो. बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या त्यात साठत जातात. वापरायच्या राहून जातात, टाकवत तर अजिबात नाहीत. रिपोर्टरच्या डोक्यातही असा एक ड्रॉवर असतो. बातमीत जे मावत नाही ते तिथं पडून राहतं. कोल्हापुरात छत्तीस वर्षं क्रीडा पान सांभाळलं, तेव्हाच माझा भरला होता. रिटायर होऊन मुलाकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आलो. वाटलं, आता नवीन काही पडायचं नाही. मग गजभिये भेटले आणि त्यांनी मला थायलंडमधल्या एका फुटबॉल टीमच्या नादी लावलं. ड्रॉवर आता बंद होत नाही, म्हणून थोडा रिकामा करतो.

* * *

गजभिये मूळ नागपूरचे, इथं एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. घराजवळ आपलं विहार नाही, म्हणून रविवारी थाई लोकांच्या विहारात जाऊन बसतात. भाषा कळत नाही, पण पाली तीच. तिथं जेवण वाढताना त्यांना नॉयताई भेटली. फ्रिस्कोत एका ड्रायक्लीनरच्या आणि डेंटिस्टच्या मधे तिचं थाई रेस्टॉरंट आहे.

पहिल्या भेटीत इथला माणूस विचारतो, काय काम करता? आपला माणूस विचारतो, आडनाव काय? नॉयताईनं विचारलं, "फुटबॉल बघता का?"

"आता बाई जेवण वाढून ऱ्हायली होती," गजभिये मला सांगत होते. "नाही कसं म्हणू? बघतो म्हटलं. शनिवारी सकाळी पावणेसातला फोन. 'या, मॅच सुरू होतेय.'"

"मग तेव्हाच खरं सांगून टाकायचं."

"विहारात बसून खोटं बोललो होतो सर. चौथं शील मोडलं. ते निस्तरायला गेलो, तो चार वर्षं झाली, जाऊनच ऱ्हायलो."

पुढच्या शनिवारी त्यांनी मलाही नेलं.

* * *

नॉयताईचं गाव नोंग साय, ईशान्य थायलंडातलं. भातशेती, एक बाजारपेठ, एक साखर कारखाना आणि एक फुटबॉल क्लब. ऐकूनच मला माणसं ओळखीची वाटायला लागली. क्लब तेव्हा तिसऱ्या लीगमध्ये होता. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आमचे सकाळचे सात. रेस्टॉरंट अकराला उघडतं, तोवर काउंटरवरचा टीव्ही आमचा. मला तिथं ड्राइव्ह करून न्यायची माझी नात सई. सोळा वर्षांची, शाळेच्या टीमची गोलकीपर, नवीनच लायसन्स मिळालेलं.

तिसऱ्या लीगच्या मॅचेस कोण दाखवणार? ताईचा धाकटा भाऊ तोंग दाखवायचा, स्वतःच्या फोनवरून. क्लबात त्याचं काम म्हणजे मैदानावर फक्की मारणं. रेघा आखून झाल्या की तो मोकळा. मग स्टँडच्या पायरीवर उभा राहून ताईला व्हिडिओ कॉल लावायचा. अडचण एवढीच, की त्याला बॉलपेक्षा रेघांची काळजी जास्त. कुणी पेनल्टी बॉक्सच्या रेघेवर घसरला की फोन तिथंच थांबायचा. बॉल केव्हाच दुसऱ्या टोकाला गेलेला.

एकदा अख्खा स्टँड उसळला, ढोल वाजायला लागला, आणि आमच्या टीव्हीवर नुसती कॉर्नरची पांढरी कमान.

"गोल कुणी केला?" ताईनं फोनवर ओरडून विचारलं. तोंगनं सावकाश काहीतरी सांगितलं. ताईनं आमच्यासाठी ते इंग्लिशमध्ये केलं.

"तो म्हणतोय, कुणी केला ते बघितलं नाही. पण बॉल रेघेच्या पूर्ण आत गेला होता."

* * *

दुसऱ्या लीगमध्ये चढायला शेवटची मॅच जिंकायलाच हवी होती. ताईनं नवस बोलला. तिकडे उकडलेल्या अंड्यांचा नवस बोलतात. ती शंभर अंडी बोलली, आणि टीम जिंकली.

"शनिवारी लवकर या," ती गजभियांना म्हणाली. "नवस फेडायचाय."

गजभिये गंभीर झाले. "ताई, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. नवससायास आमच्यात नाही चालत."

"मग येणार नाही?"

"नवसाला नाही येणार. अंडी सोलायला येतो."

देव्हाऱ्यापुढून उचललेली अंडी सोलता सोलता त्यांनी ताईला अकरा प्रतिज्ञा समजावून सांगितल्या. उरलेल्या अकरा पुढच्या प्रमोशनला सांगायच्या ठरल्या.

* * *

निखिल देवधर माझ्या मुलाच्या ऑफिसातला, पुण्याचा, डेटावर काम करतो. ताई सकाळी तांदळाची पेज करायची, तो त्या पेजेसाठी यायला लागला. फुटबॉल त्याला आकड्यांपुरतं कळतं. दुसऱ्या लीगच्या सीझनच्या सुरुवातीला त्यानं लॅपटॉपवर एक मॉडेल केलं. त्यात नोंग साय शेवटून पहिलं होतं.

मी त्याच्याशी भांडलो. माझं आयुष्य लोकांशी भांडण्यात गेलंय, वाईट वाटत नाही. मी म्हटलं, तुझ्या मॉडेलमध्ये तो ढोल कुठल्या कॉलममध्ये आहे ते दाखव. तो म्हणाला, काका, ढोल गोल करत नाही.

सीझन संपला तेव्हा नोंग साय दुसऱ्या नंबरवर होतं. म्हणजे थेट पहिल्या लीगमध्ये. ज्या गावात रस्त्यावर एक ट्रॅफिक सिग्नल नाही, त्या गावाची टीम देशातल्या मोठमोठ्या टीम्सबरोबर खेळणार होती. ताई काउंटरमागं खाली बसून रडत होती. गजभिये तिला पाणी देत होते. मी निखिलकडं बघितलं.

"मॉडेल बरोबर होतं काका," तो पेज ढवळत म्हणाला. "टीम चुकली."

* * *

त्या दिवशी ताईनं अंडी नाही बोलली. या वेळचा नवस मोठा होता: पहिल्या लीगमधली पहिली मॅच नोंग सायच्या स्टँडमध्ये बसून बघायची. अकरा वर्षं ती गावी गेली नव्हती. रेस्टॉरंट सोडून जाणं जमायचं नाही. आई गेली तेव्हाही जमलं नव्हतं. एवढंच बोलली आणि विमानाचं तिकीट बुक केलं.

तीन आठवड्यांनी तोंगचा फोन आला. क्लबचा मालक शेजारच्या प्रांतातला पुढारी होता. त्यानं जाहीर केलं, की नोंग सायचं मैदान पहिल्या लीगला लहान पडतं, म्हणून टीम तो आपल्या शहरात नेतोय. गाडीनं चार तास. खेळाडू, कोच, पहिल्या लीगमधली जागा, सगळं उचलून. नाव नवं. पिवळी जर्सी जाऊन जांभळी.

"चोरी आहे ही," मी म्हटलं. "सरळसरळ चोरी."

"काका, अमेरिकेत टीम्स मूव्ह होतातच," निखिल म्हणाला. "ओनरची असते ती. फॅन्स थोडे दिवस चिडतात. नॉर्मल आहे."

"कोल्हापुरात पेठेची टीम असते. पेठेतली पोरं, तालमीतले म्हातारे, गल्लीभर एका रंगाचे झेंडे. उद्या कुणी ती उचलून सांगलीला नेली तर?"

निखिलनं खरोखर विचार केला. "सांगलीत मार्केट आहे का पण?"

गजभियांनी माझ्या हातातला पेजेचा वाडगा हळूच काढून घेतला.

* * *

मी ठरवलं, मालकालाच विचारायचं. छत्तीस वर्षं मी मंत्र्यांना आणि संघटनांच्या अध्यक्षांना फोन केलेत, एका थाई पुढाऱ्याला का नाही? नंबर तोंगनं दिला. दुभाषी नॉयताई. फोन स्पीकरवर. पलीकडे मालकाचा सेक्रेटरी होता.

"विचारा त्याला," मी म्हटलं, "गावाला विचारलं होतं का?"

माझा प्रश्न चार शब्दांचा. ताईनं तो थायमध्ये विचारायला अर्धं मिनिट घेतलं, तेही इतक्या गोड आवाजात, की मला संशय आला. सेक्रेटरी बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"तिकडे फार ऊन आहे म्हणतो."

"आणि?"

"तुमची तब्येत कशी आहे विचारतो."

मी आणखी तीन प्रश्न विचारले. तीनही उत्तरं हवामान आणि तब्येतीवरच होती. फोन ठेवल्यावर मी ताईला म्हटलं, तुम्ही माझा प्रश्न विचारलाच नाहीत.

"विचारला," ती म्हणाली. "पण तोंग अजून तिथंच राहतो, लुंग." लुंग म्हणजे मोठा काका. बाकीच्या वेळी ती मला सर म्हणते.

* * *

मग मी लीगला पत्र लिहायचं ठरवलं. परत जाताना गाडीत सईला सांगत होतो, की मी मराठीत बोलेन, तू इंग्लिशमध्ये टाइप कर. खेळाडू विकता येतात, स्टेडियम विकता येतं, पण एका गावाची शनिवारची संध्याकाळ विकायचा हक्क कुणी दिला? माझा आवाज चढला असणार.

सिग्नल लाल होता. सई समोर बघत म्हणाली, "आबा, कॅन आय से समथिंग?"

"बोल."

"आपण सांता क्लाराहून इथं मूव्ह झालो. बाबाची कंपनी मूव्ह झाली म्हणून. आय वॉज ट्वेल्व्ह. माझी टीम होती तिथं." तिनं इंडिकेटर लावला. "नोबडी रोट अ लेटर."

तिच्या आवाजात राग नव्हता, तोंगनं बॉल रेघेच्या आत गेल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. तेव्हा मी कोल्हापुरात होतो. मुलानं फोनवर सांगितलं होतं, की टेक्सासमध्ये घर मोठं मिळतंय, आणि मी म्हटलं होतं, वा, छान. पोरीला विचारलं का, हे मी विचारलं नव्हतं. जन्मभर पुढचा प्रश्न विचारण्याचं काम केलं. सिग्नल हिरवा झाला, सईनं गाडी पुढं काढली.

घरी आल्यावर तिनंच लॅपटॉप उघडला आणि डायनिंग टेबलाशी बसली.

"ओके. डिअर सर," ती म्हणाली. "पुढं?"

पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

* * *

ऑगस्टमध्ये पहिल्या लीगची पहिली मॅच आली, शनिवारी तिकडच्या सातला. ताईनं तिकीट कॅन्सल करावं असं निखिलचं मत होतं. बघायचं काय जाऊन? ताई म्हणाली, बोललेला नवस फेडायचा असतो, आणि रेस्टॉरंटची किल्ली गजभियांकडे देऊन गेली.

त्या सकाळी आम्ही चौघं रेस्टॉरंटात जमलो. पेज गजभियांनी केली होती, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. निखिलनं लॅपटॉपवर जांभळ्या टीमची मॅच लावली. चकाचक स्टेडियम, बरेच कॅमेरे, रिप्ले. "खरी मॅच इकडे आहे," तो म्हणाला. सईनं तिचा फोन टीव्हीला जोडला. सातला पाच कमी असताना ताईचा व्हिडिओ कॉल आला.

ती नोंग सायच्या स्टँडमध्ये बसली होती, पिवळी जर्सी घालून. तिच्या भोवती सगळा स्टँड पिवळा. माणसं, बायका, मांडीवर पोरं, मधोमध ढोलवाला. तिनं फोन फिरवला. समोर मैदान, पूर्ण रिकामं. हिरव्या गवतावर रेघा इतक्या पांढऱ्या, की टीव्हीवरही डोळ्यात भरत होत्या.

"तोंगनं दुपारी मारल्या," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं."

बरोबर सातला कुणीतरी शिटी वाजवली आणि ढोल सुरू झाला.

आम्ही रिकामं मैदान बघत बसलो. गाणी तीच होती, जागच्या जागी. मधेच सगळे एकदम "ओह" करायचे आणि डोक्याला हात लावायचे. विसाव्या मिनिटाच्या सुमारास गजभिये पुढं सरकून म्हणाले, "हे ऑफसाइड होतं बाप्पा." कुणी हसलं नाही. हाफटाइमला स्टँड उठला, लोक भाजलेलं चिकन घेऊन परत येऊन बसले. सईनं विचारलं, "नॉय मावशी, स्कोअर?"

"शून्य-शून्य," ताई म्हणाली.

सेकंड हाफ सुरू झाला तेव्हा मी निखिलकडं बघितलं. लॅपटॉप मिटलेला होता. कधी मिटला कळलं नाही.

नव्वद मिनिटं झाली. लोक उठायला लागले, कुणी पोरांना कडेवर घेतलं, ढोलवाल्यानं पट्टा खांद्यावरून उतरवला. सईनं रिमोट उचलला.

"थांब," निखिल म्हणाला. तो उठून टीव्हीच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला होता. "ताई, असं कसं संपेल? इंज्युरी टाइम किती आहे?"

ताईनं वळून तोंगला विचारलं. तोंग खाली साइडलाइनपाशी उभा होता, हात फक्कीनं पांढरे. त्यानं मैदानाकडं एकदा नीट बघितलं आणि हात वर करून चार बोटं दाखवली.

स्टँडमधले सगळे पुन्हा खाली बसले. आम्हीपण.