कटलासचा मोडलेला पाय

मंडळी, अमेरिकी नौदलाच्या सुरुवातीच्या जेट विमानांतलं बिनशेपटीचं कटलास आठवतंय? त्याचं छोटं मॉडेल मी बांधतोय. हात थरथरायला लागल्यापासूनचं पहिलंच. परवा त्याच्या पुढच्या चाकाचा लांब, काडीसारखा पाय मोडला आणि मी सगळं खोक्यात भरलं. शेजारच्या सुनंदाताई कागल एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांनी तो तुकडा मागून नेला.

आज सकाळी त्या पितळेचा तसाच पाय घेऊन आल्या.

"बसवा की."

"हात हलतोय ओ."

"हलू दे की. मी विमान धरते, तुम्ही चिकटवा."

तीनदा चुकलं, चौथ्यांदा बसलं. विमान टेबलावर उभं राहिलं, तेव्हा माझे डोळे भरले. ताई शिफ्टला पळाल्या, आभार मानायचे राहिलेच. म्हणून इथं लिहितोय.

तुमचं सोडून दिलेलं काम कुणी असं पुन्हा हातात दिलंय का?