रोहनचे लाड आणि माझा वर केलेला हात

चहा घ्या आधी. आणि ऐकून झाल्यावर ही गोष्ट शीवच्या पुढे न्यायची नाही, एवढं कबूल करा, मगच सांगते.

मी बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून करते. दिवसभर दादरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि संध्याकाळी लालबागला घरी येऊन मोबाइलवर लेक्चर बघते. आमच्यात याला 'बाहेरून करणं' म्हणतात. फणसवाडीची मावशी तर दर भेटीत विचारते, "बाहेरूनच करतेस ना अजून? मग खऱ्या कॉलेजात कधी जाणार?" आता मला सांगा, अभ्यास मी करते, पेपर मी लिहिते, मग मी काय दाराबाहेर चपलांपाशी बसून शिकते? तेव्हा या विषयावर माझं डोकं मुळातच तापलेलं असतं.

तर, संख्याशास्त्र. हा माझा राहिलेला पेपर. या वेळी सुटला नाही तर वर्ष जाणार. वेळापत्रकात मंगळवार संध्याकाळ लिहिलेली, तेव्हा लिंक उघडायची आणि सर दिसायचे. शिकवायचे छान, खोटं कशाला बोलू. मी चांगला कुर्ता घालून, केस विंचरून बसायचे. बाबांना बजावलेलं, बनियनवर माझ्या मागून जायचं नाही.

मध्येच सर विचारायचे, "कुणाला काही शंका?"

मी हात वर करायचे.

"हां, रोहन, बोल."

रोहन बोलायचा. सर म्हणायचे, "वा, छान प्रश्न." मग मी खालच्या चौकटीत टाइप करायचे, 'सर, मलाही शंका आहे.' तर सर म्हणायचे, "आणखी कुणाला? नाही? चला, पुढे जाऊ."

नाही काय? मी इथे हात वर करून बसलेय ना?

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. प्रमाण विचलन म्हणजे काय ते मला कळेना, पण रोहनला सर्दी झालीय हे कळलं, कारण सरांनी तिची आपुलकीनं चौकशी केली.

आई भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकत असायची. आई माझी पक्की मालवणी. एकदा तिला राहवेना. "ह्यो रोहन कोण मेलो?"

"असेल कुणी रेग्युलरवाला," मी म्हटलं. "आम्हा बाहेरून करणाऱ्यांना कोण विचारतंय."

तशी आई पिठाच्या हातानं मोबाइलसमोर आली. "ओ सर, आमच्या मनालीक कायतरी इचारूचा आसा. जरा हिच्याकडेय बघा."

सर फळ्याकडे वळले.

आई बघतच राहिली. "माका बघून पाठ फिरवल्यान गो."

माझं एक वेळ ठीक आहे, पण आईचा अपमान? मी हाफ डे टाकला आणि थेट परळचं अभ्यासकेंद्र गाठलं. तिथे एक मॅडम बसल्या होत्या, आमच्या सगळ्या तासांची व्यवस्था त्या बघतात.

"मला भेदभावाची तक्रार करायचीय," मी म्हटलं. "सरांना अख्ख्या वर्गात एकच मुलगा दिसतो. हात वर धरून माझा खांदा भरून आला. आणि माझी आई बोलायला आली, तर तिच्याकडे पाठ केली. बाहेरून करणारी माणसं नाहीत का?"

मागे रांगेत उभी मुलं "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाली. एकानं तर टाळी वाजवली. मला आणखी चेव आला. "बोलवा त्या रोहनला. समोरासमोर होऊनच जाऊ दे."

मॅडमनी शांतपणे चष्मा काढला. "रोहन पास होऊन गेला, बाळा."

"कधी?"

"झाली काही वर्षं. त्याच्या बॅचचे तास तेव्हा रेकॉर्ड केले होते. तेच तुम्हाला दाखवतो आम्ही."

मागची टाळी थांबली.

"मग मी टाइप केलेलं कुठे जातं?"

"ती चौकट तुमच्या स्वतःच्या नोंदींसाठी आहे. तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही."

म्हणजे 'सर, मलाही शंका आहे' असं मी मलाच लिहीत होते. आणि मी मला दाद देत नव्हते.

"तुम्ही लेक्चर कधी मध्येच थांबवून पाहिलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"सर बोलत असताना?" मी म्हटलं. "बरं दिसतं का ते?"

पण मीही सोडलं नाही. रेकॉर्डिंग आहे असं वर लिहायला काय होतं, म्हटलं. मॅडमना ते पटलं. "सरांच्या कानावर घालते," म्हणाल्या.

मी शहाणी होऊन घरी आले. पुढच्या मंगळवारी लिंक उघडताना मोबाइलनं कॅमेऱ्याची, माइकची कसली कसली परवानगी मागितली. मी न वाचता हो, हो दाबलं. डोक्याला तेल थापलेलं, अंगात गाऊन, पुढ्यात भात आणि तळलेले बोंबील. अगदी निवांत.

सर म्हणाले, "कुणाला काही शंका?"

"गो, इचारतत बघ," आई म्हणाली.

"विचारू दे गं. बडबडतील थोडा वेळ आणि जातील पुढे," मी म्हटलं आणि बोंबील तोंडात घातला.

"मनाली," सर म्हणाले, "तुमच्या तक्रारीमुळे आज मुद्दाम प्रत्यक्ष तास घेतोय. आम्हा सगळ्यांना तुम्ही दिसताय, ऐकूही येताय. सावकाश जेवा आणि मग विचारा."

स्क्रीनवर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. एवढं भांडून मिळवलेली संधी. मी घास कसाबसा गिळला आणि म्हटलं,

"नाही सर. काही शंका नाही."