गच्चीवरची गंजकी डिश

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना बायको म्हणाली, "अहो, भाऊजींची ती टीव्हीची गंजकी डिश काढून टाका आता."

"ज्यानं लावली तो काढेल. मी काय त्याचा हमाल?" मी खेकसलो. बाजारात मी कुणाला हार जात नाही. वाटणीत मात्र धाकट्या भावानं मला गंडवलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

तेवढ्यात आकाशातून एक उजळ ठिपका सरकत गेला. वर म्हणे कितीतरी बंद पडलेले उपग्रह फिरताहेत आणि तो कचरा कुणी उचलायचा, यावर देश भांडताहेत. त्या उपग्रहांशी आता कुणी बोलत नाही. तरी पृथ्वीनं त्यांना सोडलेलं नाही.

मी पाना घेऊन डिशपाशी गेलो. तिचा एक नट सैल झाला होता. तो घट्ट आवळला आणि खाली आलो.