खंडेनवमी आणि शैलाचा कॉम्प्युटर

शैला गेली.

सकाळी तिच्या मिस्टरांचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाले.
मी विचारलं, "कुठली शैला?"
मी एकच शैला ओळखतो. तरी विचारलं.

अजून डोकं चालत नाहीये. आठवतंय तसं लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेर. सातारा एमआयडीसीतलं आमचं छोटं मशीन शॉप. मी मेंटेनन्सला. शैला सांगलीची. आली ड्रॉइंग ट्रेस करायला, आणि हट्टानं कॉम्प्युटरवर मशीनचे प्रोग्रॅम लिहायला शिकली.

कॉम्प्युटरमधली फाईल केबलवरून थेट मशीनच्या कंट्रोलरला जाईल, हे तिनंच मालकांच्या गळी उतरवलं.

मालक म्हणाले, "दसरा झाला की पुण्याचे कस्टमर बघायला येतायत. त्यांच्यासमोर फाईल गेली तर ठीक. नाहीतर तू परत ट्रेसिंगला."

दसऱ्याआधी फाईल झकास जात होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला, तर मशीन गायब!
म्हणजे मशीन समोर ढिम्म उभं. पण कॉम्प्युटरला ते दिसेना.

फोल्डरचं शेअरिंग ऑन. पासवर्ड बरोबर. केबल धड. दोन्हीकडं रीस्टार्ट मारून झालं.
कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सगळं बरोबर आहे ना? मग चालायला पाहिजे."
एवढं आम्हालाही कळत होतं, शहाण्या!

कस्टमर दुपारी येणार होते.
शैला म्हणाली, "जाऊ दे. ट्रेसिंगचं टेबल पुसून घेते." आणि खरंच फडकं शोधायला उठली.

मी परत एकदा केबल बघायला मशीनच्या मागं जाऊन बसलो. तिथं दिसलं.
केबलच्या जोडाला एक तोंड मोकळं असतं, त्यावर धातूची छोटी टोपी लागते. ती नसली की अख्खी लाईन मुकी. टोपी नव्हती.

"ही कुणी काढली?" मी ओरडलो.

"म्या काढली की," तात्या म्हणाले. त्याच मशीनचे जुने ऑपरेटर. शैला आल्यापासून तिच्याशी धड बोलले नव्हते.

"आवं तात्या, का?"

"खंडेनवमीला समद्यांची हत्यारं पूजंला मांडली. माजा मायक्रोमीटर, तुजा पाना. हिचं काय मांडायचं? त्यो डबा पाटावर मावंना. हे तेवढं फिरवल्यावर निगालं."

पूजा उठल्यावर ज्यानं त्यानं आपापलं उचललं. शैलाचं तिथंच राहिलं. पाटावर आपलंही काही आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

सुकलेल्या झेंडूखाली टोपी सापडली. हळदकुंकवासकट.

तात्यांवर चिडावं की हसावं मला कळेना. शैला तर टोपी मुठीत धरून रडायलाच लागली.
तात्या घाबरले. "अगं पोरी, मोडलं का काय ते?"
"नाही तात्या. चांगलंय."

आतलं कुंकू पुसून टोपी बसवली. फाईल गेली. कस्टमरसमोर पहिला जॉब निघाला. ट्रेसिंगचं टेबल मालकांनी नंतर काढूनच टाकलं.

पुढच्या खंडेनवमीला तात्या सकाळीच तिच्यापाशी हजर.
"पोरी, औंदा तुजं काय मांडायचं? तूच दे."
तिनं की-बोर्ड काढून दिला. तात्यांनी तो पाटावर मधोमध ठेवला. त्यांचा मायक्रोमीटर बाजूला सरकवून.

तात्या मागेच गेले. आता तू.
असं कसं गं, शैला? मला खरंच काही कळत नाहीये.

अख्ख्या शॉपकडून तुला शेवटचा रामराम.