लेजरची रेघ आनि मेवन्याची चौकट

आता हे माज्या तोंडूनच ऐका. नायतर पनवेलमदी कोनी ना कोनी तुमाला सांगनारच, ते पन मीठमसाला लावून. चा घ्या, सांगतो काय माती खाल्ली ती.

मी सुतार. दारं बसवतो, पट्ट्या कापतो, आनि मदल्या येलात लोकांची फिरकी घेतो. कामावर नवीन मानूस आला का त्याला बाजारात पाठवायचो, 'जा, गोल गुन्या घेऊन ये.' गुन्या मंजे काटकोन बगायचं हत्यार. ते गोल कसं आसंल? पन मानूस सगली दुकानं फिरून घाम पुसत यायचा, 'मामा, संपलाय बोलले.' दुकानदार पन माज्यातलेच.

तर माजा मेवना हिरामन. गव्हानला त्यानं नवीन घर बांदलं. माज्या सासऱ्यानं परसात लावलेला साग पाडला, सुकवला, आनि मोठ्या दाराच्या चौकटीला बाहेरून लावायची पट्टी त्यातनंच काढली. मना बोलला, "दाजी, लाकूड येवढंच हाय. बाबाच्या हातचं झाड. कोपरं बगून कापा, वास्तुशांतीला सगला गाव येनार."

सासुरवाडीचं काम, सासऱ्याचं झाड. चुकलो तर नाक कुठं ठेवू?

कोपरा जुलवायचा मंजे दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवायच्या, मदी केस जाता कामा नये. आनि माज्या डोल्यांना पेन्सिलची रेघ दिसत नाय धड. कोनी तरी बोललं, कापायच्या मशीनला लेजर लाव, लाल रेघ पडते, तिच्यावर काप. मनून गेलो पनवेलच्या बाजारात, हत्यारांच्या दुकानात.

दुकानदार नवीन, चष्मेवाला. त्यानं लेजरची एक चकती काढली, तांदलाच्या पापडीयेवढी.

"काका, तुमच्या मशीनला हाच घ्या. पात्याच्या बाजूला बोल्टमध्ये बसतो."

"लावून दाखव."

"असा नाही लागणार. पातं फिरलं की आपोआप लागतो."

मी त्याच्या तोंडाकडं बगितलं. हसत नव्हता. फिरकी घेनारा चांगला आसला का हसत नाय. मी पन नाय हसायचो. मनात बोललो, आला गोल गुन्या.

"मंजे फिरवला का लागतो?"

"हो काका."

"आनि थांबवला का?"

"विझतो."

"आनि झोपवला का घोरतो?"

मी खिशातनं दोरी काढली, चकतीला गुंडालली आनि भोवऱ्यासारखी सोडली काउंटरवर. चकती फिरली, पडली, घरंगलत रंगाच्या डब्यांमागं गेली. उजेड काय नाय. गिराइकं जमली बगायला. चष्मेवाला गुडग्यावर बसून चकती शोदत बोलला, "काका, मशीनच्या वेगाने फिरायला पाहिजे, भोवऱ्याच्या नाही."

"बाला, या धंद्यात मी तुजा बाप हाय. ती कपाटातली लेजरची डबी दे, बटन दाबला का लागनारी."

"ती टाइल लावायला घेतात. मशीनवर नाही टिकणार, थरथरते."

"थरथरंल तुजी कंपनी," मी बोललो आनि डबी घेऊन घरी आलो.

चिकटपट्टीनं डबी मशीनच्या डोक्याला लावली. बटन दाबला. काय ती रेघ, कुंकवानं वडल्यासारखी. मशीन चालू केली, डबी थरथरली, रेघ जरा सरकली. आता शाना मानूस काय करंल? डबी सरल करंल. मना वाटलं, मशीनच वाकडी हाय. रेघ कशी वाकडी आसंल, ती तर उजेडाची.

मशीन बरोबर पंचेचालीस अंशाच्या खाचेत बसलेली. ती खाचेतनं काढली आनि रेघेच्या मागं फिरवली. पुडच्या पट्टीला रेघ अजून सरकली, मी अजून फिरवली. सगल्या पट्ट्या कापून झाल्या तवा जमिनीवर जुलवून बगितल्या. दोनी कोपऱ्यांत बोट जात व्हतं. करंगली नाय, अंगठा.

हिरामनला फोन लावला. "कोपरं फसलं रं. दुसरं लाकूड हाय का?"

"दाजी, मागल्या हप्त्यात तुमी बोललेलं चौकट उलटी बसली. मी जेवन टाकून धावत आलो."

"आता खरं बोलतो."

"तवा पन हेच बोललेलं." आनि फोन ठेवला.

बायकोला सांगितलं. ती बोलली, "माज्या भावाच्या कामात तरी मस्करी नको."

"आगं मी हसतो का बग."

"तेच तर. मस्करी करताना तुमी हसत नाय."

मंग काय करनार? वास्तुशांतीच्या सकाली लवकर जाऊन पट्ट्या ठोकल्या आनि दोनी फटींवर झेंडूचा एक एक गोंडा बांदला, चांगला नारलायेवढा. भटजी आलं, वर बगितलं. "हे काय नवीन?"

बोलून गेलो, "आमच्यात कोपरा झाकतात. उघड्या कोपऱ्यातनं बरकत जाते."

हिरामननं ऐकलं. त्याचं डोलं भरलं. "बाबा असता तर खूश झाला असता, दाजी. जुन्या रीती तुमालाच ठावं."

सासूबाईनी त्या गोंड्यांना हलद-कुंकू लावलं. मी खाली बगून उबा. आता कोन त्यांना सांगनार, सांगून कोनाला पटनार?

फुलं सुकली का सासूबाई सोताच्या हातानी नवीन गोंडे बांदायला लागल्या. शेजारनीनी इचारलं, त्यांनी सांगितलं. हलूहलू गव्हानात हिरामनच्या गल्लीत सगल्या दारांच्या कोपऱ्यांवर गोंडे. चांगल्या जुललेल्या कोपऱ्यांवर पन.

दसऱ्याला बायकोनं माज्या हातात पिशवी दिली. "दोन गोंडे आना, आपल्या दाराला."

मी बोललो, "आगं आपल्या दाराला फट नाय. मी बगून केलंय."

"फटीचं काय घेऊन बसलाय? माज्या मायेरची रीत हाय ती. तुमा सुताराला दारातलं काय कलतं?"

गेलो मुकाट बाजारात. मोठे बगून आनले.