तफीदाचे चाळीस किलो

मन्सूरा शहरातल्या दूधवाल्यांच्या गल्लीत तफीदा राहते. वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, हे तिलाही नक्की ठाऊक नाही. कालवा फुटला त्या वर्षी तू झालीस, एवढेच तिची आई सांगायची, आणि कालवा काही एकदाच फुटला नाही. नवरा गेल्यापासून ती द्राक्षाच्या पानांत भात भरून सुरळ्या वळते, वांगी कोरून देते, लसूण सोलून देते. नोकरीवाल्या बायका संध्याकाळी घरी जाता जाता पिशवी उचलतात आणि नवऱ्यापुढे स्वतःच्या हातचे म्हणून वाढतात. तफीदाला सगळे ठाऊक असते. ती कोणाला सांगत नाही.

तिच्या स्वतःच्या तोंडात मात्र दात पाच, आणि तेही एकमेकांपासून लांब, भावकीत भांडण झाल्यासारखे. जगाला भरल्या सुरळ्या खाऊ घालणारी बाई स्वतः भात दुधात कालवून गिळायची. म्हणून तिने बारा बायकांच्या भिशीत नाव घातले होते. महिना दीड हजार पौंड. यंदा तिचा नंबर लागला, अठरा हजार हातात आले. डॉक्टर नजवाबाईंनी कवळीचे अठरा हजारच सांगितले होते. मापासाठी गुरुवारी जायचे होते.

मंगळवारी कर-कचेरीचे पत्र आले.

तफीदाला वाचता येत नाही. ती कागद घेऊन समोरच्या इस्मतकडे गेली. इस्मत शिवणकाम करते आणि चष्मा लावून गल्लीचे टपालही वाचून देते.

"वाच गं. शिक्का मोठा आहे, म्हणजे काहीतरी मानाचं असेल."

इस्मतने वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"एकेचाळीस हजार."

"मला मिळणार?"

"तुला भरायचेत. तीन वर्षांचा कर."

तफीदा मटकन शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. "मला कसला कर? माझ्याकडे तर करपत्र आहे! काच बसवून लावलंय भिंतीवर!"

आणि ते खरेच होते. तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या क्लबने सणाला सुरळ्यांची मोठी मागणी दिली. पण म्हणाले, पावती हवी, पावतीसाठी तुमच्या नावाचे करपत्र, म्हणजे कर-कचेरीतल्या नोंदणीचा कागद, हवे. तफीदा कचेरीत गेली आणि करपत्र काढून आणले. छापील नाव, वर गरुडाचा शिक्का. जन्मात तिला असला कागद मिळाला नव्हता. तिला वाटले, सरकारने आपल्याला पास केले. एकदा पास झालेला माणूस दरवर्षी परीक्षेला थोडाच बसतो? दरवर्षी मिळकत कळवायची असते, हे तिने ऐकलेही असेल. पण तेव्हा तिचे लक्ष चौकटीला सोनेरी काठ लावावा की रुपेरी, इकडे होते.

"पण एकेचाळीस हजार कुठून काढले त्यांनी?" इस्मतने विचारले. "तू कळवलंच नाहीस, तर त्यांनी अंदाज कशावरून बांधला?"

तफीदा यंत्रावरची दोऱ्याची रिळे नीट लावू लागली.

"तफीदा?"

"अर्ज करताना कचेरीतल्या माणसानं विचारलं, रोज किती किलो माल करता. मागे क्लबचा माणूस उभा होता. त्याच्यासमोर काय बारा किलो म्हणू?"

"मग किती म्हणालीस?"

"चाळीस."

इस्मतने कपाळावर हात मारला. "अगं, सगळं गाव कर-कचेरीत जाऊन रडतं! सोनारसुद्धा सांगतो मुलं उपाशी आहेत. दृष्ट लागेल म्हणून लोक खरं आहे तेही लपवतात, आणि तू नाही ते मिरवलंस!"

"हात दाखवून अवलक्षण," तफीदा म्हणाली. "बरं, आता शिव्या घालून झाल्या असतील तर चहा टाक."

कागदावर तीस दिवसांची मुदत होती. दाद मागायची तर पुरावा हवा. तफीदा घरी आली, भिशीची पुडकी उशाखालून काढली, परत ठेवली. मग तिला कोठीतले पिठाचे पोते आठवले.

ती ज्या भाजीवाल्याकडून माल घेते, त्याच्या बिलाच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर देवाचे नाव छापलेले असते. देवाचे नाव असलेला कागद केरात टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही, हे तिच्या अंगात भिनलेले. जाळायचीही भीती. म्हणून गेली कित्येक वर्षे ती एकेक चिठ्ठी त्या पोत्यात टाकत आली होती. हिशेब म्हणून नव्हे, पाप नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने आणि इस्मतने पोते धरून कर-कचेरीत चार नंबरच्या खिडकीसमोर आणले. आत फिक्रीसाहेब बसले होते, बारीक मिशीचे, अर्धवट झोपेतले, पण म्हाताऱ्या बाईला मानाने हज्जा म्हणणारे.

"हज्जा, हे काय? बटाटे?"

"माझा हिशेब आहे, साहेब."

"यात?"

"देवाच्या नावाखाली लिहिलेला आहे, खोटा कसा असेल?"

रांगेतले लोक हसले. फिक्रीसाहेब हसले नाहीत. मूठभर चिठ्ठ्या काढून त्यांनी तारखा पाहिल्या, मग दुसरी मूठ काढली. "हज्जा, इथे तर रोज आठ-नऊ किलो भाजी दिसते. भातासकट धरली तरी चाळीस किलो माल होत नाही."

आता आली पंचाईत. खरे सांगायचे तर अख्ख्या रांगेसमोर. मागे दोन नेहमीच्या गिऱ्हाईक बायकाही उभ्या होत्या. तफीदाने ओढणीने तोंड पुसले.

"साहेब, बारा किलोच होतात. चाळीस मी फुशारकीनं सांगितले. दोन हात, एक चूल आणि गुडघे दोन्ही बाद. चाळीस किलो मी स्वप्नातही वळले नाहीत."

"कधी नव्हे ते कोणीतरी इथे जास्त सांगितलं," फिक्रीसाहेब म्हणाले आणि पेन उघडले.

चिठ्ठ्या लावायला त्यांना तीन आठवडे लागले. एकेचाळीस हजारांचे दंडासकट नऊ हजार सहाशे झाले. तफीदाने भिशीतून ते मोजून भरले आणि राहिलेले घेऊन डॉक्टर नजवाबाईंकडे गेली.

"यात एकच बाजू होईल, मावशी. वरची की खालची?"

"हसताना कुठली दिसते?"

"वरची."

"मग तीच द्या. खालची सरकारनं खाल्ली म्हणायची."

नव्या भिशीच्या वेळी तिने दोन नावे घातली. बायकांनी विचारले, दुसरे नाव कोणाचे? "कर-कचेरीचं," तफीदा म्हणाली. "भरणार मी, उचलणार ते. जावयासारखंच आहे." शिवाय रोज विक्री झाली की ती दहातली एक नोट वेगळ्या डब्यात टाकू लागली. कमाई कळवायचा महिना तिने इस्मतकडून भिंतीवर कोळशाने काढून घेतला.

हिवाळ्यात इस्मतच्या शिवणयंत्राची मोटर जळली. ती आली, चहाचा पेला हातात घेतला आणि सरळ म्हणाली, "डब्यातले दोन हजार दे. महिन्याभरात फेडते."

चाळीस वर्षांत तफीदाने तिला कधी नाही म्हटले नव्हते. तिने डब्याकडे पाहिले, मग इस्मतकडे.

"माझ्या कमाईतले पाचशे घे. त्या डब्यातले नाही."

"का? ते काय परक्याचे आहेत?"

"हो. चार नंबरच्या खिडकीचे आहेत."

इस्मतचा चेहरा उतरला. "सरकार तुझ्या मयताला येणार आहे का गं?"

"नाही. तू येशील. म्हणून तुझ्याशी भांडण परवडतं मला, त्यांच्याशी नाही."

इस्मत चहात साखर ढवळत राहिली, जरा जास्तच जोरात. मग तिने पाचशे मोजून घेतले.