सात दिवसांची ओळ

औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, टँकरच्या ठेकेदाराचं ऑफिस होतं. कुठल्या गावाला कुठला टँकर कधी जाणार, हे तिथल्या कोपऱ्यातल्या एका जुनाट कॉम्प्युटरवर ठरायचं. त्याला सगळे मोठ्या मानानं सर्व्हर म्हणायचे. तो रोज सकाळी सात वाजता चालू करायची रत्नमाला, आणि तिच्याखेरीज तो कुणाला दाद देत नसे.

त्याच्यात जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम होता. पुण्याच्या कुणी मंडळींनी तो बसवून दिला आणि हात झटकून निघून गेली. सुरू होताना प्रोग्राम आधी एक छोटी फाईल वाचायचा. मेमरी किती घ्यायची, गावांची यादी कुठून आणि किती उचलायची, सगळं तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं. एकदा वाचली की दिवसभर तेच खरं. मध्ये काही बदललं तर सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. रत्नमालेला हे कुणी शिकवलं नव्हतं. एकेक ओळ बदलायची, काय बिघडतं ते बघायचं, पुन्हा जागेवर आणायची, असं करत करत ती दोन वर्षांत तरबेज झाली.

ती पिशोरजवळच्या एका वस्तीची. बुद्धविहार, चाळीसेक घरं, आणि त्यांत कॉम्प्युटरवर बसून पगार घेणारी ही पहिलीच. नोकरी लागली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. हार गळ्यात पडतो न पडतो तोच दोघातिघांनी विचारलं, आता आपला टँकर चुकणार नाय ना? रत्नमालेला ते झोंबलं. तिनं तिथंच उभं राहून सांगितलं, "पाण्यासाठी मला कुणी फोन करायचा नाही. आपल्या माणसांचं आधी बघते, असं कुणी म्हणायला नको. टँकर चुकला की मला तिथं गावाचं नाव लाल दिसतं. तुम्ही सांगायची गरजच नाही."

बोलणं सचोटीचं होतं, आणि त्यात थोडा तोराही होता. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईनं, पारूबाईनं, ते शब्द पदरात बांधून घेतले.

दोन हजार एकोणीसचा मे महिना. धरणाचा तळ दिसायला लागला होता आणि इकडं शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बायपासच्या पलीकडं सातसात मजली इमारती उठत होत्या, त्यांच्या बोअरला धूळ लागत होती आणि त्यांचेही टँकर ह्याच ऑफिसातून जायला लागले. यादी फुगत गेली. चार मिनिटांत उठणारा सर्व्हर वीस मिनिटं घ्यायला लागला आणि एक दिवस उठलाच नाही. रत्नमालेनं फाईलमध्ये मेमरी वाढवून दिली, तर मशीनच गपगार झालं. ती मालकांकडं, सर्जेरावांकडं गेली. नवीन मशीन लागेल म्हणाली.

"मॅडम, उन्हाळा निघू द्या. ह्याच्यातच भागवा काही तरी," सर्जेराव म्हणाले.

भागवा म्हटल्यावर तिनं भागवलं. सोमवारी सकाळी तिनं फाईलमध्ये एक ओळ वाढवली. गेल्या सात दिवसांत जिथं एक तरी खेप पोचली आहे, तेवढीच गावं सुरुवातीला उचल. बाकीची जुनी, टँकर बंद झालेली असणार, असा तिचा हिशेब. सर्व्हर दोन मिनिटांत उठला. शेजारच्या टेबलावरून टँकर सोडणारा हिमांशू तर उडालाच. "मॅडम, लाल नावंपण निम्मी झाली बघा!"

खरंच झाली होती. साठच्या जागी एकोणतीस. सर्जेरावांनी भजी मागवली. रत्नमालेनंही खाल्ली, आणि तिला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला.

ती लाल नावं कुठली ते तिनं पाहिलं नाही. आधीही ती पाहत नसे. यादीत आपली वस्ती यायच्या आत तिची नजर दुसरीकडं जायची. इतकी वर्षं ह्याच गोष्टीला ती प्रामाणिकपणा म्हणत आली होती. ती नावं बघायचं काम हिमांशूचं, आपलं काम मशीनचं.

रविवारी ती गावाकडं निघाली. एस.टी. खुलताबादच्या घाटात शिरली तर दोन्ही बाजूंना जळालेलं गवत. दुपारी ती वस्तीवर पोचली. घरोघरची पिंपं उपडी घातलेली होती. पारूबाई दारातच बसली होती, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"माय, हे काय झालं?"

"काय नाय गं. खालच्या मळ्यातली हिर हाय ना, तिच्या पायऱ्यांवर पाय घसरला. बस तू, पानी देते."

डाव्या हातानं तिनं तांब्या पुढं केला. अर्धा होता. गढूळही होता.

"हिरीवर कशाला गेली होतीस? टँकर?"

"चौदा दिस झालं. कायतरी मोडलं म्हने त्याचं. मंग आलाच नाय."

रत्नमालेच्या हातात तांब्या तसाच राहिला. शेजारची आवडाबाई कुडाआडून ऐकत होती, तिला राहवलं नाही. "आमी तशिलीत अर्ज देनार व्हतो. तुझी माय आडवी पडली! म्हने साहेबाकडं कागद गेला तर पोरीची नौकरी जाईल. तिला लाल दिसतंय, ती बघंल."

"मला एक फोन का नाही केला?"

पारूबाईला प्रश्नच कळला नाही. "तूच तर म्हनली व्हतीस."

आवडाबाई घागर घेऊन गेली. रत्नमालेनं मनात दिवस मोजले. तिनं ती ओळ घातली त्या सोमवारी आठवा दिवस होता. सात दिवसांत एकही खेप नाही, म्हणून तिच्या ओळीनं वस्ती उचललीच नव्हती. नाव यादीत नाही, तर लाल कुठून होणार? ज्यांना सगळ्यांत जास्त दिवस पाणी नव्हतं, नेमके तेच लोक तिनं गाळले होते आणि वर भजी खाल्ली होती. मग आईजवळ बसून तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता.

पारूबाई प्लॅस्टरवरची माती नखानं खरडत राहिली.

"म्हंजी आमी पानी मागितलं नाय, म्हनून आमचं नाव गेलं?"

"नाही माय. पाणी मिळालं नाही, म्हणून गेलं."

"आसं कसं गं?" पारूबाई म्हणाली. रागानं नाही, खरंच समजत नाही म्हणून. मग तीच म्हणाली, "वस्तीत बोलू नगंस हे. लई भरवसा हाय त्यांचा तुज्यावर."

सोमवारी सकाळी तिनं ती ओळ काढून टाकली आणि सर्व्हर चालू केला. तो पंचवीस मिनिटं धापा टाकत उठला. पुन्हा कोसळायच्या आत तिनं आणि हिमांशूनं गळालेली नावं हातानं उतरवून घेतली. एकतीस ठिकाणं. एका पाड्याला तर एकोणीस दिवस पाणी नव्हतं. वही घेऊन ती सर्जेरावांसमोर उभी राहिली आणि चूक आपली आहे म्हणाली.

"चालू होतं ना? मग कशाला हात लावला?" ते म्हणाले. पण वहीतल्या ठिकाणांकडं त्यांनी दोन दिवसांत गाड्या फिरवल्या. स्वतःच्या वस्तीचं नाव तिनं वर घेतलं नाही, खालीही टाकलं नाही. ह्या वेळी फक्त ते नीट वाचलं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. मागं बायकांचा गलका, घागरींचे आवाज.

"आला गं टँकर. आवडाबाई सगळ्यास्नी सांगतीय, रतननं धाडला म्हून. मी काय बोलले नाय."

रत्नमालेनं खुर्ची भिंतीकडं फिरवली.

"रतन," पारूबाईचा आवाज खाली आला, "पुढच्या येळंला नाय आला, तर फोन केला तर चालंल का गं?"